जनरलचा डावा पाय

"माणूस आपला होता," असं म्हणून काका जनरलच्या तसबिरीला नमस्कार करायचे आणि लंगडत पाहुण्यांपुढे चालू लागायचे.

हे २००४ सालचं, अमेरिकेत वेस्ट विंडसरजवळच्या एका छोट्या संग्रहालयातलं. जनरल एकोणिसाव्या शतकातला. मुळात पुढारी. भाषणं ठोकून त्याने पलटण उभी केली, तिच्या जोरावर सेनापती झाला, युद्धात एक पाय गमावला आणि उरलेल्या पायावर पुन्हा निवडून आला. काका नागपूरचे माजी नगरसेवक, मुलाकडे राहायला आलेले. मी पुण्यातल्या दैनिकाचा माजी उपसंपादक, बायकोच्या व्हिसावर आलेला, नोकरीची परवानगी नसलेला. रविवारी आम्ही तिथे हौसेने काम करायचो. ते जनरलची गोष्ट सांगायचे, मी दाराशी पत्रकं वाटायचो.

"पलटण म्हणजे वॉर्डच," ते मोडक्या इंग्रजीत सांगायचे. "प्रत्येकाचं नाव पाठ पाहिजे. त्याच्या आईचंही." लोक हसत त्यांच्या मागोमाग जात. लाकडी पायाचं लंगडणं तर हुबेहूब.

मला ते खपेना. मी कागदपत्रं तपासली आणि त्यांना गाठलं.

"काका, जनरलचा उजवा पाय गेला होता. तुम्ही डाव्या पायाने लंगडता."

ते थांबले. "काहून, कोणाची तक्रार आहे?"

"तक्रार नाही. फॅक्ट आहे."

"बरं, संपादक. दुरुस्ती करू."

पुढच्या रविवारी ते उजव्या पायाने लंगडले. सगळा भार डाव्यावर. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर डावा गुडघा दुमडला आणि ते पाहुण्यांसमोर कोसळले.

"बाबांचा लेफ्ट नी दोन वर्षं खराब आहे," हॉस्पिटलमध्ये मुलगा मला म्हणाला. "मला बोललेच नाहीत यार." काका छताकडे पाहत होते. मुलाला कळलं असतं तर त्याने त्यांना ऑपरेशनसाठी नागपूरला धाडलं असतं आणि रविवार सुटले असते. म्हणून त्यांनी आपला गुडघा जनरलच्या नावावर खपवला होता. बाकीचे सहज फसले. मी पुरावे गोळा करून फसलो.

महिन्याभरात त्यांचं तिकीट निघालं. "आता गोष्ट तुम्ही सांगा, संपादक," निरोप घेताना ते म्हणाले. "पाय तुम्हाला पाठ आहे."

मी सांगू लागलो. अकरा मिनिटांत, बिनचूक. चौथ्या रविवारी नेहमी येणाऱ्या एका अमेरिकन आजींनी मला मध्येच थांबवून विचारलं, "जनरल कुठे आहेत?"

मी तसबिरीकडे बोट केलं.

"हे नव्हेत," त्या म्हणाल्या. "खरे."

मी दुरुस्ती सुचवली नाही.