बाभळीची ओटी

सिन्नरजवळच्या एका गावात माझ्या ब्लाउजपीसमुळे एक देवस्थान उभं राहिलं आहे. मी काही फार धार्मिक स्वभावाची बाई नाही. मी याद्या करण्याच्या स्वभावाची बाई आहे, आणि घोटाळा झाला तो त्यातूनच.

त्या गावात आमची थोडी जमीन आहे. सासरे होते तोवर ती जमीन होती, ते गेल्यावर तिचं रान झालं. आम्ही नाशिकला आणि मोठे दीर (त्यांना घरात सगळेच दादा म्हणतात) पुण्याला. वर्षातून एकदा आम्ही गाडी काढून जायचो, बांधावर उभं राहून "किती वाढलंय ना" असं म्हणायचो आणि येताना वाटेत चहा पिऊन घरी यायचो. आमचे हे त्याला 'शेतीवर लक्ष ठेवणं' म्हणतात. आमच्या या लक्षाखाली वेडी बाभूळ माणसाच्या डोक्यावर गेली, घाणेरीने विहिरीकडची वाट गिळली आणि शेवटी बांधही दिसेनासा झाल्याने आम्ही नक्की कोणाच्या बांधावर उभे राहून हळहळतो, याचीही खात्री उरली नाही.

सासूबाईंना त्या सगळ्या जमिनीतली एकच गोष्ट हवी होती. विहिरीजवळची लिंबोणी. ती सासऱ्यांनी लावलेली. बाजारच्या लिंबांचं लोणचं त्या खातात, पण खाताना चेहरा असा करतात की घालणाऱ्याने पुन्हा घालू नये.

गणपतीला दादा आले आणि जेवताना म्हणाले, "वंदना, ती जमीन राहिलेली नाही, जंगल झालंय. दिवाळीपर्यंत माणसाला आत पाय ठेवता आला तर ठेवू. नाहीतर विकून मोकळे होऊ."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "आणि लिंबोणी?" त्यांनी विचारलं.

"आई, लिंबोणीपुरती जमीन कशी ठेवणार?"

मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत जागा साफ झाली समजा."

यावर आमचे हे खोकले. कारण मी एखादी जागा साफ करायची ठरवली आणि ती झाली नाही, असं आजवर एकदाच घडलं आहे. ती जागा म्हणजे आमच्या इमारतीचं पार्किंग, आणि तिथे ह्यांची बंद पडलेली स्कूटर उभी आहे. 'स्कूटर भंगारात देणे' ही ओळ माझ्या प्रत्येक यादीत असते. दरवेळी ह्यांचं उत्तर एकच, "अगं, किक मारली की चालू होईल." किक कोण मारणार, यावर बोलणं थांबतं.

ह्यांनी जेसीबी सुचवला. मी साफ नकार दिला. जेसीबीला यादी वाचता येत नाही. त्याऐवजी मी गावातल्या ताराबाईंना गाठलं. त्यांच्या हाताखाली दहा-बारा बायकांची टोळी आहे, आणि त्या कोयते घेऊन निघाल्या की रान आपणहून बाजूला होतं असं म्हणतात. आता प्रश्न खुणेचा. रस्त्याच्या कडेला एका ओळीत ज्या जुन्या, जाडजूड वेड्या बाभळी होत्या, त्या आधी तोडायच्या, म्हणजे बाकीचं काम सोपं. त्या ओळखू याव्यात म्हणून त्यांना ठळक कापड बांधायचं ठरवलं.

कापडाला काय तोटा? माझ्या कपाटात ब्लाउजपीसचा एक अख्खा कप्पा आहे. हळदीकुंकवाला मिळालेले, कोणाच्याच मापाचे नसलेले, या घरातून त्या घरात आयुष्यभर फिरत राहणारे. त्यातले लाल, जरीकाठाचे निवडले. पट्ट्या फाडायला गेले, तर जरीचा काठ फाटेना. मग म्हटलं, अख्खेच बांधू, लांबून दिसतील.

बांधताना ह्यांनी एकच प्रश्न विचारला. "लाल म्हणजे तोडायचं की ठेवायचं?"

"अहो, लाल म्हणजे तोडायचं. लाल म्हणजे धोका. जगभर तसंच आहे."

"जगभर असेल," हे म्हणाले, "सिन्नर तालुक्यात काय आहे?"

मी दुर्लक्ष केलं. (पुढे या वाक्याची आठवण मला रोज करून देण्यात आली.)

काम नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात सुरू झालं. मला ऑफिसातून रजा नव्हती, म्हणून मी ताराबाईंना फोनवर सूचना दिल्या.

"ताराबाई, लाल कापडाचं लक्षात आहे ना?"

"हाय ना ताई. बायांनी सकाळीच पाह्यलं."

"त्यात चूक नको. ते सगळ्यात महत्त्वाचं."

"आता हे काय सांगावं लागतं का? आमाला कळत नाय व्हय?"

"आणि बाकीचं सरसकट साफ."

"समदं साफ. तुमी बिनघोर राहा."

मी बिनघोर राहिले. इतकं सरळ, मुद्देसूद बोलणं मी घरात आजवर कोणाशी केलेलं नाही.

शनिवारी आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. गाडीतून उतरलो आणि पाहतच राहिलो. जमीन ताटासारखी लख्ख. घाणेरी नाही, गाजरगवत नाही, विहिरीचं तोंड दिसतंय, चारी बांध दिसताहेत. आणि रस्त्याच्या कडेला एका ओळीत, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या वेड्या बाभळी, जरीकाठाचे खण लेवून, मानकरणींसारख्या उभ्या. बुंध्याशी शेणाने सारवलेलं. एकेक दगड मांडून त्याला हळदकुंकू.

"ताराबाई," मी म्हटलं, "या का नाही तोडल्या?"

ताराबाईंनी कानाला हात लावले. "ताई, ओटी भरलेल्या झाडाला कोन कोयता लावील? अन् ते बी नवरात्राच्या तोंडावर?"

"अहो, ते मी बांधलंय!"

"तेच म्हणते ना मी. समद्या बाया म्हनल्या, शहरातली असून बाई किती करते देवाचं."

इतक्यात विहिरीकडून सासूबाईंची हाक आली. मी धावले. लिंबोणीच्या जागी गुडघाभर खुंट होता.

"ताराबाई, लिंबोणी?"

"तिला कुठं कापड होतं?" ताराबाईंनी विचारलं. "घाणेरी पार तिच्या डोक्यावरून गेल्ती. आत काय हाय ते तोडल्यावरच समजलं. पर लिंबं वाया नाय घालवली, पिशवीत भरून ठेवलीत."

सासूबाईंनी पिशवी घेतली, आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "छान झालं. यंदाचं लोणचं होईल. पुढच्या वर्षीचं तेवढं राहिलं."

येताना मोहदरी घाट उतरल्यावर हे फक्त एवढंच म्हणाले, "जगभर."

नवरात्रात बाभळींना माळा लागल्या. शेजारच्या शेतातल्या नानांचा मला फोन आला. वयाने मोठे, त्यामुळे फोनवरही हुकमी आवाज. "सूनबाई, तुमचं स्थान, तर दिव्याचं तेल तुमच्याकडून यायला पायजे. रीत हाये."

"नाना, रीत कधीपासून?"

"मंगळवारपासून."

मी तेल पाठवलं. दरम्यान बाभळींचं बाभळाई असं नावही ठेवून झालं होतं.

खरं संकट पुढेच होतं. जागा साफ झाल्याचे फोटो मी मोठ्या अभिमानाने दादांना पाठवले होते. ते पाहून दादा खूश झाले, इतके की त्यांनी ते एका गिऱ्हाइकाला दाखवले. 'जंगल' असताना त्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. मी ती वाचवायला साफ केली, आणि साफ केल्यामुळे ती विकली जायची वेळ आली.

दिवाळीच्या आधीच दादा गिऱ्हाइकाला घेऊन आले. काळा चष्मा, पांढरे बूट, फार्महाऊस बांधायची घाई. आम्हीही गेलो. सासूबाई हट्टाने आल्या. गृहस्थ सगळीकडे फिरले, विहिरीत डोकावले आणि रस्त्याकडे बोट करून म्हणाले, "या बाभळी काढून टाकू. इथे गेट."

नाना बांधावर तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "काढा की. पर आधी तिला विचारा."

"कोणाला?"

नानांनी मानेनेच खण दाखवले. गृहस्थ थबकले. दादा माझ्याकडे वळले. "वंदना, हा काय प्रकार आहे?"

आता खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. 'दादा, हे माझे ब्लाउजपीस आहेत.' जन्मभर मी खरं आणि थोडक्यात बोलत आले. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आई, सांभाळ गं."

मी तोंड मिटलं.

गृहस्थांनी चष्मा काढला. मग हळूच बूट काढले. नानांकडे जाऊन दबक्या आवाजात विचारलं, "जागृत आहे का हो?"

नाना तंबाखूची चिमूट तोंडात टाकून म्हणाले, "नवी हाये. पर लय कडक."

गृहस्थ बूट हातात घेऊनच गाडीकडे गेले. नाशिक आल्यावर दादा म्हणाले, "मी तुला जागा साफ करायला सांगितली होती. देव बसवायला नव्हती सांगितली." पण त्यानंतर विकण्याचा विषय निघाला नाही. त्या गिऱ्हाइकाने बहुधा त्याच्या ओळखीतल्या सगळ्यांना सांगितलं असावं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही चक्क बाभळीला नमस्कार केलात?"

"बाभळीला कशाला करू?" त्या म्हणाल्या. "माझं तोंड विहिरीकडे होतं. खुंटाला फूट आलीय, पाहिली नाहीस?"

मी पाहिली नव्हती. माझ्या यादीत नव्हती.

आता देखभालीचं सांगते. वेडी बाभूळ तोडली तरी मुळापासून फुटते, एका पावसात पुन्हा गुडघ्याला लागते. त्यामुळे ताराबाईंची टोळी अधूनमधून बोलवावी लागते. सगळ्या जमिनीत एकच पट्टा असा आहे की जिथे मला काहीच करावं लागत नाही. बाभळाईपुढचा. तो गावातल्या बायका रोज झाडतात. लिंबोणीच्या फुटव्यांना शेळ्यांचा त्रास होता, म्हणून मी तिथेही एक लाल खण बांधला. शेळ्यांची श्रद्धा नसते, पण त्या राखणाऱ्यांची असते. फुटवे आता माझ्या कमरेएवढे झालेत.

या यशाने मला उत्साह आला आणि परवा मी भंगारवाल्याला सरळ पार्किंगमध्ये घेऊन गेले. हे त्या दिवशी घरीच होते, वर पेपर वाचत होते, आणि आश्चर्य म्हणजे अजिबात हरकत घेत नव्हते. खाली गेल्यावर कारण कळलं. स्कूटरच्या हँडलला जरीकाठाचा लाल खण बांधलेला होता. दिव्यावर कुंकू. सीटवर नारळ.

भंगारवाल्याने चपला काढल्या. "ताई, ह्याला मी नाय हात लावनार," तो म्हणाला आणि नमस्कार करून निघून गेला.

खण माझ्याच कपाटातला होता, शेवटचा. मी वर आले, यादी काढली, 'भंगारात देणे' या सदरातून स्कूटर खोडली आणि 'नियमित देखभाल'मध्ये बाभळींच्या खाली लिहिली.