‘संपाची चूल’ आणि नोलीन कडिही

बुधवारी सकाळी इन्व्हरकार्गिलच्या नाट्यगृहाच्या दारावर कागद लागला: ‘संपाची चूल’ या नाटकाचा शेवटचा प्रयोग येत्या रविवारी दुपारी. पाच आठवडे चालणार म्हणून जाहीर केलेलं नाटक दुसऱ्याच आठवड्यात गुंडाळायचं ठरलं होतं. नोलीन कडिहीने कागद वाचला आणि दारावर अशी थाप मारली, की आत फरशी पुसणारा माणूस दचकून बाहेर आला.

“काय झालं, नोलीन?”

“मला काय व्हायचंय? तुमच्या ट्रस्टला काय झालंय ते विचार.”

नोलीनने सत्तरी ओलांडली होती. उभी हयात तिने शाळेची बस चालवली. गावातले निम्मे बाप्ये लहानपणी तिच्या बसमध्ये बसलेले, आणि तिचा आवाज चढला की त्यांचे हात अजूनही आपोआप मांडीवर यायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी ब्रिस्बेनला. नाटकाची हौस तिला कधीच नव्हती. तिकीट काढून अंधारात गप्प बसायचं, हा प्रकार तिला वेडेपणाचाच वाटायचा. आणि हे नाटक तिने चारदा पाहिलं होतं.

नाटक जुनंच. गावातल्याच एका शिक्षिकेने लिहिलेलं, कधीकाळी गाजलेलं आणि मग विसरलेलं. इथल्या मटण कारखान्यात मोठा संप झाला, त्या हिवाळ्यात कामगारांच्या बायकांनी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी एक चूल चालवली, त्याची ही गोष्ट. यंदा एका तरुण दिग्दर्शिकेने ते नव्याने उभं केलं आणि ऑकलंड-वेलिंग्टनचे समीक्षक विमानाने येऊन तोंड भरून कौतुक करून गेले.

नाटकात एडा नावाची बाई आहे. तिचा नवरा संप फोडून कामावर जातो. दुसऱ्या दिवशी एडा रिकामं पातेलं घेऊन हॉलमध्ये येते आणि तिथल्या सगळ्या बायका तिच्याकडे पाठ फिरवतात. एवढाच प्रवेश. पण सिना नावाची नटी ते पातेलं हातात धरून इतका वेळ उभी राहायची, की प्रेक्षकांत लोक अस्वस्थ होऊन खाकरायला लागायचे.

नोलीन तेव्हा आठ वर्षांची होती. धाकट्या भावाची छाती भरली होती, घरात जळण नव्हतं, आणि एके दिवशी तिचे वडील कारखान्याच्या फाटकातून आत गेले. संप मिटला, पण त्यांच्या घराला लागलेलं ‘संपफोड्याचं घर’ हे नाव मिटलं नाही. आई, व्हेरा, दुकानात गेली की बोलणं थांबायचं. तिने गाव सोडलं नाही. दर रविवारी टोपी घालून चर्चला जायची, पुढच्या बाकावर एकटी बसायची आणि मान ताठ ठेवून परत यायची. ती गेली तेव्हाही तिच्याबद्दल कोणी चार शब्द बोललं नाही.

पहिल्यांदा नाटकाला नोलीनला ओढून नेलं ते नायरीने. नायरी बस डेपोतली तिची जुनी मैत्रीण, आणि संपाच्या पुढाऱ्याची मुलगी. इतक्या वर्षांत दोघींनी हा विषय एकदाही काढला नव्हता. प्रयोग संपल्यावर दोघी गाडीत बसल्या, पण नायरीने किल्ली फिरवली नाही.

“आमच्या घरात तुझ्या आईसाठी एकच शब्द होता,” ती म्हणाली. “तिला तिथे उभं राहताना कसं वाटलं असेल, ते आज कळलं गं.”

“चल, गाडी काढ,” नोलीन म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच पुन्हा गेली.

म्हणून तो कागद तिला इतका झोंबला. गुरुवारच्या प्रयोगाला नाट्यगृहाच्या दालनात सगळे सुस्कारे टाकत उभे होते. कुणी रुमाल डोळ्यांना लावत होतं. “इतकं सुंदर नाटक! पण चांगल्याला दिवस नाहीत हो.” “आपल्याच नशिबात नाही.”

“मयताला आलात का?” नोलीन कडाडली. “अजून जिवंत आहे ते! रडताय काय?”

शुक्रवारी ती रॉस हाल्डेनच्या गाड्यांच्या दुकानात गेली. रॉस नाट्यगृह चालवणाऱ्या ट्रस्टचा अध्यक्ष. तिला पाहताच तो खुर्चीतून उठला.

“नोलीन, तुम्ही चिडणार हे मला माहीत होतं. पण मधल्या वारी अर्धं सभागृह रिकामं असतं. आणि त्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमवाल्यांना तारखा हव्या आहेत. ते भरगच्च भरेल.”

“नकली विग घालून नाचणारे ते?”

“लोकांना आवडतात.”

“लोकांना चिप्सही आवडतात. म्हणून शाळेत चिप्सच वाढायचे का?”

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

“रॉस, तू मागच्या सीटवर बसून वांती करायचास, तेव्हा मी भावनेच्या भरात बस पुसत नव्हते. अर्धं सभागृह रिकामं म्हणजे अर्धं भरलेलं असतं. त्यांना तू विचारलंस?”

रॉसने मान हलवली, निर्णय झालाय म्हणाला आणि तिला कॉफी विचारली. तिने घेतली नाही.

घरी येऊन तिने लेखिकेच्या नेल्सन शहरातल्या भाचीला फोन लावला. नाटकाचे हक्क आता तिच्याकडे होते. “ट्रस्टने थांबवलं तर दुसरीकडे केलेलं चालेल का?” भाची म्हणाली, “खुशाल करा. मावशीने तर ते हॉलसाठीच लिहिलं होतं.”

रविवारी दुपारी एकही खुर्ची रिकामी नव्हती. पडदा पडला, नट तीनदा वाकून गेले, दिवे लागले, आणि कोणी उठलं नाही. नोलीन आणि नायरीने आदल्या दिवशी गावभर सांगितलं होतं: टाळ्या वाजवा आणि बसून राहा. शेवटी रॉस रंगमंचावर आला.

“मित्रांनो, आम्हालाही वाईट वाटतंय. पण आता सभागृह मोकळं करा.”

“नाही करणार,” नोलीन चौथ्या रांगेतून उठली. “आधी ऐक. माझा बाप संपफोड्या होता. इथे बसलेल्या निम्म्यांना ते माहीत आहे आणि आजवर माझ्या तोंडावर कोणी म्हटलेलं नाही. माझ्या आईची बाजू या गावात फक्त या नाटकाने मांडली. आणि ते तू विगवाल्यांसाठी बंद करतोस?”

कोपऱ्यातून कॉलिन मॅक्रे उठला. त्या संपात फाटकावर पहारा दिलेल्यांपैकी बहुधा तो एकटाच उरला होता. काठीवर रेलून तो म्हणाला, “तुझ्या बापाला मी माफ केलेलं नाही, नोलीन.”

“मी माफी मागितलीही नाही, कॉलिन.”

“पण व्हेराच्या बाबतीत आम्ही जे केलं ते वाईट होतं. हे नाटक चालू राहिलं पाहिजे.” आणि तो खाली बसला.

रॉसचा चेहरा उतरला, पण तो बधला नाही. करार झालाय, उद्या नेपथ्य निघणार, एवढंच म्हणाला.

“ठीक आहे,” नोलीन म्हणाली. “सभागृह तुझं. नाटक तुझं नाही. गुरुवारी बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये या रे सगळे. खुर्च्या आपापल्या आणा.”

क्लबची सचिव नायरीच होती. कमिटीला तिने सोमवारी सांगितलं. विचारलं नाही.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. दोन नट वेलिंग्टनला दुसऱ्या कामाला निघून गेले. त्यांच्या जागी शाळेतल्या एका बाईंनी आणि खाटकाने संहिता हातात धरून कामं केली, आणि खाटकाने पहिल्या दिवशी अख्खं पान गाळलं. सिना मात्र थांबली. नोलीनच्या मागच्या खोलीत राहिली आणि सकाळी तिच्या हातचे चीज रोल खाऊन वजन वाढल्याची तक्रार करत राहिली. एकदा तिने विचारलं, “एडाचं काम एक दिवस तुम्ही करता का?”

“छे. मी बघणार. मला बघायचंय.”

ठरलेले आठवडे पुरे होईपर्यंत बोलिंग क्लबमध्ये नाटक चाललं. दिवे ट्यूबलाइटचे, छतावर पाऊस पडला की संवाद ऐकू यायचे नाहीत, मग नट थांबायचे आणि प्रेक्षक “पुढे चला!” म्हणून ओरडायचे. ट्रस्टने कधी चूक कबूल केली नाही. विगवाल्यांचा कार्यक्रमही भरगच्च गेला, हे नोलीनला कळलं, आणि ती म्हणाली, “जाऊ दे. आम्ही पण भरगच्च आहोत.”

अखेरच्या प्रयोगाला रॉस आला. दारात चाचरला. “जागा आहे?”

“खुर्ची आणलीस?”

“नाही.”

“मग उभा राहा.”

तो भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा राहिला. एडाच्या प्रवेशाला त्याने मान खाली घातली, ते नोलीनने पाहिलं. नंतर तो टेबलं उचलायला पुढे आला आणि हळूच म्हणाला, “पुढच्या वर्षी नाट्यगृहात पुन्हा लावता येईल. मी बोलून बघतो.”

“तेव्हाचं तेव्हा बघू,” नोलीन म्हणाली. “आधी ते टोक नीट धर, पायावर पडेल.”