फोनमधली बाई आणि भावजींची कंबर

चेंडू ठेवला होता तिथेच राहिला आणि काठी भावजींच्या हातातून सुटून, हवेत दोन गिरक्या घेऊन, समोरच्या तळ्यात जाऊन पडली. बदकं उडाली. पुण्याच्या त्या गोल्फच्या मैदानावर माझ्या पुतण्याचे, म्हणजे भावजींच्या मुलाचे, दोन साहेब पांढऱ्या टोप्या घालून उभे होते, ते बदकांकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. पुतण्या स्वतःच्या बुटांकडे बघत होता. आणि माझे धाकटे दीर, वय अडुसष्ट, हात खांद्यावर गेलेले, कंबर वळलेली, उजवी टाच वर उचललेली, असे पुतळ्यासारखे उभे राहून मला विचारत होते, "वैनी, फोनमध्ये आलं का सगळं?"

आलं होतं की. सगळं आलं होतं, बदकांसकट. मी चौथी शिकलेली बाई, मोठं बोलायची मला सवय नाही, पण एवढं छातीवर हात ठेवून सांगते. गोल्फ न येणारी माणसं सोलापुरात घरटी सापडतील, पण ते इतकं अभ्यास करून, मोजमाप घेऊन, वह्या भरून न येणारा माणूस एकच, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो.

भावजी जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की विणकर हात वर करणार आणि जॉबर पाना घेऊन जाणार, अशी ती नोकरी. त्या नोकरीत ते एक गोष्ट शिकले आणि ती त्यांनी पुढे सगळ्या जगाला लावली. "वैनी, एका टायमाला एकच नट ढिला करायचा. दोन ढिले केले की बिघाड कुटला त्ये कळत न्हाय." एकदा त्यांचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी खिडकीत ठेवल्या आणि जेवणातला एकेक पदार्थ आठ-आठ दिवस बंद करून बघितला. आधी शेंगाचटणी, मग वांगं, मग ताक. दोन महिन्यांनी सगळेच निर्दोष सुटले आणि पोट आपोआप बरं झालं. भाकरी तेवढी त्यांनी बंद केली नाही. म्हणाले, "मेन शाफ्टला हात लावायचा नसतो."

माझी जाऊ गेली त्याला तीन वर्षं झाली. बापलेकाचं बोलणं तिच्यामार्फतच चालायचं. "अप्पांना सांग" आणि "त्याला विचार" यावर त्या दोघांचे पंचवीस-तीस वर्षांचे व्यवहार झाले. ती गेली आणि दोघांच्या हातात नुसता फोन राहिला. दर रविवारी पुण्याहून फोन यायचा. "अप्पा, जेवलात?" "व्हय. तू?" "हो." "बरं." "बरं मग." तेवढ्या वेळात माझी लसणाची एक पाकळीसुद्धा सोलून होत नसे. मग भावजी फोन खाली ठेवून थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायचे, जसं काही त्यातून अजून काही यायचं राहिलंय.

एका रविवारी पोरगा घाईत होता. म्हणाला, साहेबांबरोबर गोल्फ खेळायला निघालोय. भावजींनी विचारलं, "त्ये कसं असतंय?" तो म्हणाला, "जाऊ द्या अप्पा, तुम्हाला नाही कळणार." वाईट मनाने म्हणाला नव्हता, गडबडीत म्हणाला. पण ज्या माणसाने जपानी माग कागद न वाचता उघडून परत जोडला, त्याला असं म्हणायचं नसतं. भावजी त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी खाली आले आणि म्हणाले, "वैनी, मी गोल्फ शिकनार हाय. एकदा त्याच्यासंगं खेळनार. मग बघतो, बोलायला कसं काय सापडत न्हाय त्ये."

मी म्हटलं, "गुडघे बघा आधी."

"गुडघ्याचा नंबर नंतर हाय," ते म्हणाले.

काठी त्यांनी फोनवरून मागवली, कुणीतरी वापरून टाकलेली. मी काठी म्हटलं की ते चिडायचे. "क्लब म्हणायचं वैनी." मी काठीच म्हणायची. चेंडू अडवायला लोकांकडे जाळी असते म्हणे. भावजींनी गच्चीवर दोन खांबांना दोर बांधून त्यावर लग्नातली दुहेरी चादर टाकली. "सोलापुरी चादर हाय. गोळी अडवंल, चेंडवाचं काय घेऊन बसलाव." पहिल्या दिवशी चेंडू चादरीला लागलाच नाही, शेजाऱ्यांच्या सोलरच्या पाण्याच्या टाकीला लागला. त्यानंतर चादरी तीन झाल्या.

आता फोनमधल्या बाईचं सांगते. फोनमध्ये एक अ‍ॅप असतं. फोन समोर उभा करायचा, आपण काठी फिरवायची, मग तो आपलाच फोटो हळूहळू चालवून दाखवतो आणि त्या फोटोवर लाल-हिरव्या रेघा मारतो. पाठीचा कणा, खांदा, कंबर, गुडघा, सगळ्यांवर रेघ. शंभरपैकी मार्क देतो. शिवाय मनगटाला एक घड्याळासारखा पट्टा बांधायचा, तो हात किती जोरात फिरला ते सांगतो. आणि हे सगळं वाचून दाखवायला आत एक बाई. मराठी तिला येत नव्हतं, इंग्रजी भावजींना येत नव्हतं, म्हणून दोघांनी हिंदीवर तडजोड केली. रोज सकाळी सहाला आमच्या गच्चीवरून अख्ख्या गल्लीला ऐकू यायचं, "कमर घुमाइए। और घुमाइए। कमर पहले, हाथ बाद में।"

भावजी विधुर माणूस. समोरच्या मास्तरणीने चार दिवस धीर धरला, पाचव्या दिवशी मला भाजीच्या गाड्यापाशी गाठलं. "काकू, वर कोण राहायला आलंय ओ?" मी म्हटलं, "कोण न्हाय गं, भावजींची कंबर दुरुस्त करायला बाई ठेवलीय." खरं तेच सांगितलं. त्या आठवड्यात गल्लीतल्या सहा बायका काही ना काही निमित्त काढून आमचा जिना चढल्या. कुणाला वाटीभर साखर हवी होती, कुणाला गच्चीवरून देवळाचा कळस बघायचा होता. शेवटी भावजींनी त्यांना टाकीवर विटेला टेकवून ठेवलेला फोन दाखवला. एक म्हातारी बराच वेळ त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढीशीच व्हय?"

पण भावजींची खरी चूक पुढेच आहे, आणि ती जॉबरशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. बाईने पहिल्याच दिवशी सात दोष काढले. भावजींनी वहीत सात रकाने आखले आणि ठरवलं, एका आठवड्यात एकच नट. कंबरेच्या आठवड्यात फक्त कंबर. त्या आठवड्यात ते दुकानदाराने हाक मारली तरी पाय जागेवर ठेवून नुसते कंबरेतून वळायचे. दूधवाला म्हणाला, "काकांना वात झालाय काय?" मग डोक्याचा आठवडा आला. डोकं हलता कामा नये म्हणून त्यांनी आठ दिवस मान खाली घालून, एका जागी नजर ठेवून काढले. जेवताना, रस्त्यात, बँकेत, सगळीकडे. लोकांना वाटलं घरात काहीतरी झालं. दोघंजण तर मीच गेले असं समजून सांत्वनाला आले, आणि दार मीच उघडलं. मी त्यांना चहा पाजून पाठवलं.

गच्ची पुरेना तेव्हा आम्ही होटगीच्या बाजूला माळावर जायला लागलो. रिक्षात भावजी, काठी आणि फोन धरायला मी. पहिल्या दिवशी मी सगळा वेळ भिंगावर बोट ठेवून शूटिंग केलं. बाई म्हणाली, "कृपया रोशनी में आइए।" भावजी भर उन्हात उभे होते. दुसऱ्या दिवसापासून मला जमलं. तिथे एक मेंढपाळ रोज मेंढरं चारायचा. त्याने तीन दिवस लांबून बघितलं. चौथ्या दिवशी जवळ आला.

"आजोबा, त्या चेंडूनं तुमचं काय वाकडं केलंय?"

भावजींनी त्याला खांदा, कंबर, मनगट, सगळं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "द्या बघू हिकडं," म्हणाला. पटका नीट केला, काठी घेतली, एक कोकरू चुकीच्या दिशेने चाललं होतं त्याला शिवी दिली आणि त्याच दमात चेंडू मारला. चेंडू गेला तो बाभळीपलीकडे. फोनमधली बाई म्हणाली, "अठहत्तर। बहुत बढ़िया।"

"काय म्हंती ती?"

"तुला अठ्ठ्याहत्तर दिले."

"आन् तुमाला?"

भावजींचे सर्वांत जास्त एक्केचाळीस होते. ते म्हणाले, "माझं अजून काम चालू हाय."

घर आल्यावर म्हणाले, "त्याचा माग फॅक्टरीतनंच चांगला आलाय, वैनी. आपला जुना हाय."

शेवटी पुतण्याने बोलावलं. एक रविवार पाहुणे चालतात म्हणाला. आवाजात उत्साह नव्हता, पण बोलावलं. भावजींनी नवी पँट शिवली. आमच्या दुर्दैवाने तो पकडीचा आठवडा होता. बाईने सांगितलं होतं, "पकड़ हल्की रखिए, जैसे हाथ में चिड़िया हो।" भावजी आठ दिवस जगातली प्रत्येक वस्तू चिमणीसारखी धरत होते. माझे दोन कप फुटले आणि तेलाची बरणी गेली. मी म्हटलं, "भावजी, हे सातही नट एकदा जोडून तरी बघा." म्हणाले, "सुटे सगळे नीट हायत. जोडलं की माग चालतोच." आयुष्यभर त्यांनी असंच केलं होतं आणि माग चालले होते. पण मागाला साहेबांच्या समोर उभं राहावं लागत नाही.

म्हणून चिमणी उडाली, ती तळ्यात गेली.

साहेब "चालतं, चालतं" म्हणाले. भावजी हळूहळू सरळ झाले, टाच खाली टेकवली आणि बाजूच्या बाकावर येऊन माझ्याशेजारी बसले. फोन मागितला नाही. हात मांडीवर ठेवले होते. मी या माणसाला चाळीस वर्षं ओळखते, त्यांना पहिल्यांदाच लाज वाटलेली बघितली. मला त्या फोनमधल्या बाईला तळ्यात टाकावंसं वाटलं.

पुतण्याने आपला चेंडू मांडला आणि मारला. बरा गेला, फार लांब नाही. भावजींनी मान वर केली.

"दोन आले," ते म्हणाले.

"काय अप्पा?"

"आवाज. आदी मातीला घासला, मग चेंडवाला लागला. एकच याया पायजे. तुजं वजन मागच्या पायावर ऱ्हातंय."

साहेब बघायला लागले. पुतण्या लाल झाला. मला वाटलं आता संपलं, हा पोरगा आता काहीतरी बोलणार आणि हे तीन महिने, तीन चादरी आणि माझी बरणी सगळं पाण्यात जाणार. पण त्याने दुसरा चेंडू मांडला. भावजी उठले, त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि डोळे मिटले. त्याने मारला. "दोन," भावजी म्हणाले. "पुढच्या पायावर ये की. भितोस कशाला?" त्याने पुन्हा मारला. "दीड." साहेबांतला एकजण हसला, पण चांगलं हसला. चौथ्या वेळी टक् करून असा एक स्वच्छ आवाज आला की मलासुद्धा कळला. चेंडू कुठे गेला ते बघायला भावजी वळले नाहीत. "गेला," एवढंच म्हणाले.

"अप्पा, न बघता कसं कळलं तुम्हाला?"

"चाळीस माग एकदम चालायचे. त्यात एक आजारी असला की शेडच्या दारातनं कळायचं. डोळ्याचं कामच न्हवतं तितं."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू कवा इचारलंस?"

दुपारभर पोरगा विचारत होता. शेडमध्ये किती आवाज असायचा, कानात कापूस घालायचे का, त्या जपानी मागाचं काय झालं होतं. साहेबसुद्धा आपापले चेंडू मारून "काका, माझे किती?" म्हणून विचारायला लागले. भावजी एकालाही खोटं बोलले नाहीत. मोठ्या साहेबाला तीन सांगितले.

आता रविवारचा फोन पाऊण तास चालतो. पुतण्या मैदानावर फोन गवतात ठेवतो आणि मारतो, भावजी इकडे गच्चीवर डोळे मिटून ऐकतात. "एक." "दोन." "आज झोप झाली न्हाय व्हय रं तुजी?" मधेच तो नोकरीचं काहीतरी सांगतो, मधेच भावजी आपल्या गुडघ्याचं सांगतात. हिंदी बाईला कुणी विचारत नाही. भावजींना अजून एकही चेंडू सरळ मारता येत नाही, आणि ते आता मारतही नाहीत.

पहिल्यांदा असा लांब फोन झाला तेव्हा मी भांडी घासता घासता ऐकत होते, आणि सवयीने वर बघून जावेला हाक मारणार होते की ऐक गं, तुझे दोघं बोलायला लागले. मग आठवलं, आणि मी भांडी घासली. तिला ते बघायला मिळालं नाही. पुण्यात त्या दिवशीसुद्धा मैदानावर आमच्या घरचे तिघंच होते, बाप, मुलगा आणि तिच्या जागी मी.