सोजरबाईंच्या म्हसोबाचा वळसा

खराडीतल्या एका इंटरनेट कंपनीत मिसबा नकाशे करते. जमिनीखालून गेलेली फायबरची प्रत्येक केबल तिच्या संगणकावर रेघ होऊन दिसते, आणि त्यातल्या पुष्कळ रेघा तिनंच ओढलेल्या. भवानी पेठेतल्या चांदभाई सायकलवाल्यांची ही लेक. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही, हा हट्ट तिनं वडिलांकडून जसाच्या तसा उचलला आहे.

त्या गुरुवारी वाघोलीतली केबल तुटली आणि चारशे घरांचं नेट गेलं. केबल जिथून निघते त्या पेटीपाशी यंत्र लावल्यावर कळलं, तूट तिथून एक हजार आठशे साठ मीटरवर आहे. नकाशात ती जागा दूध डेअरीपुढे येत होती. खणलं, तर केबल धडधाकट. मग मिसबाला आठवलं, वाटेतल्या जमिनीखालच्या तीन चेंबरमध्ये दहा-दहा मीटर जादा केबल गुंडाळून ठेवलेली असते; ती यंत्र मोजतं, नकाशा मोजत नाही. तीस मीटर मागं खणलं. तिथंही केबल शाबूत. खोदणाऱ्यांचा मुकादम संपत पहार टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या याच कडेला फूटपाथचं काँक्रीट पडणार होतं. ते पडलं की खणायचं नाव काढायला नको. साहेब पियुष फोनवर म्हणाला, "पाचपर्यंत बघ, नाहीतर लाइन डेड लिहून टाक. नवीन केबल टाकेपर्यंत महिनाभर लोकांच्या शिव्या खाऊ. नकाशा सुंदरच आहे तुझा. फक्त जमिनीनं तो पाहिलेला नाही."

मिसबाला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. चार वर्षांपूर्वी ठेकेदाराच्या कागदावर सरळ रेघ होती, म्हणून हिनंही सरळ ओढली. वाघोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ट्यूब पाण्यात बुडवून पुरती फिरवल्याशिवाय अब्बा कधी ठिगळ लावत नसत, आणि आपण मात्र अंदाजानं लावून मोकळ्या झालो, याची तिला लाज वाटली. ती पेटीपाशी परत गेली आणि तिथून चालत निघाली.

अर्ध्या वाटेवर लिंबाखाली शेंदूर फासलेला दगड होता. शेजारी खाटेवर एक म्हातारी मेथी निवडत बसली होती. सोजरबाई. आजूबाजूच्या इमारती जिथं उभ्या आहेत ते एके काळी तिचं रान.

"आजी, इथं केबल पुरली तेव्हा तुम्ही होतात?"

"व्हते की. म्हसोबावर कुदळ घालाया निघाले व्हते. मी आडवीच झाले. मंग गेले त्या हिरीमागनं वळून."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुनी इचारलं का?"

मिसबानं टेप धरली. म्हसोबावरून सरळ गेलं तर तीस मीटर, विहिरीमागून बहात्तर. बेचाळीस मीटर केबल नकाशात नव्हतीच. दुसऱ्या खड्ड्यापासून तितकंच मागं मोजत गेली, तर 'प्लॉट विकणे आहे' असा कोरा करकरीत फलक. त्याच्या लोखंडी पायाभोवतीची माती अजून भुसभुशीत होती.

तिनं पियुषला फोन लावला. "सर, सरळ रेघ मी ओढली, न बघता. चूक माझी. हा खड्डाही फुकट गेला तर माझ्या नावावर लिहा."

"खणा," पियुष म्हणाला.

फलकाचा पाय केबलच्या आरपार गेला होता. साडेसहाला चारशे घरं सुरू झाली.

संपतची माणसं खड्डा बुजवत होती, तेव्हा मिसबा सोजरबाईंच्या खाटेवर लॅपटॉप उघडून बसली. तिनं रेघ विहिरीमागून वळवली आणि खाली लिहिलं : 'म्हसोबाचा वळसा, बेचाळीस मीटर. माहिती : सोजरबाई.' मग स्वतःच्या नावानं शोध घेतला. जागेवर न जाता ओढलेल्या रेघा एकशे बारा निघाल्या. त्या सगळ्या तिनं लाल केल्या.

दहा मिनिटांत पियुषचा फोन. "अर्धा नकाशा लाल का दिसतोय?"

"न पाहिलेल्या रेघा आहेत, सर. माझ्या."

"आणि पाहणार कधी?"

"उद्यापासून. आठच्या बसनं निघते स्वारगेटवरून."