सुताराच्या अंगणातले दोन तुकडे

ताज्या बाभळीच्या भुशाचा वास आला, की मला कोळवणच्या सुताराचं अंगण आठवतं. साठ साल अजून उजाडायचं होतं. भातकाढणी तोंडावर आलेली आणि आमच्या बैलगाडीचं चाक मोडलेलं. मी वडिलांबरोबर गेले, तेव्हा सुतारानं चाकाच्या कडेचे कमानीसारखे दोन तुकडे जमिनीवर एकाखाली एक मांडले होते. "वरचा बारका हाय," वडील तापले, "लाकूड मारलंस व्हय?" दोघांची लहानपणापासूनची दोस्ती, त्यामुळे सुताराचा चेहरा पडला. त्यानं वरचा तुकडा उचलून दुसऱ्याच्या खाली ठेवला, तर आता तोच मोठा दिसू लागला. वडिलांनी दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले. केसाचाही फरक नव्हता. "डोळा अख्खा तुकडा बघत न्हाई," सुतार म्हणाला. "वरच्याची खालची कड आखूड, खालच्याची वरची लांब. शेजारी आल्यात तेवढ्याच दोन ताडून बघतो." वडील खजील होऊन म्हणाले, "मग डोळंच नवं करून दे." "बाभळीत व्हत न्हाईत ते," सुतार म्हणाला आणि दोघंही पोट धरून हसले. हल्ली मी नातींना पुठ्ठ्याचे तसे तुकडे कापून दाखवते, कारणही नीट समजावते, आणि समजावता समजावता मला खालचाच मोठा दिसत असतो.