लुंबिनीतला पेला

“बाई, पोरीचा दाखला द्या. बस झालं तिचं शिक्षण.”

विमलचे वडील दारव्ह्याजवळचे कास्तकार. खुर्ची दिली तरी बसेनात. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा कागद. तो हातात पडला की मुलगी शाळेची उरत नाही. मॅट्रिक तोंडावर आलेली आणि ही माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार पोर. माझं डोकंच फिरलं.

साठ सालच्या आगेमागे आम्ही मुलींची सहल नेपाळात लुंबिनीला नेली होती. पासपोर्ट लागत नव्हता, तरी मुलींच्या लेखी तो परदेशच. तिथल्या भंतेजींनी सगळ्यांना एका पंगतीत बसवलं आणि पाण्याचा एकच पेला फिरवला. कौसल्या नव्याने बौद्ध झालेल्या घरची. शाळेत शिपाई तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा. तिथे तिने पेला तोंडाला लावला आणि तिच्यामागून विमलने.

संध्याकाळी मी विचारलं, “परदेशात वेगळं काय दिसलं गं?” कोणी टोप्या सांगितल्या, कोणी नोटा. विमल म्हणाली, “मी कौसल्येचा उष्टा पेला पेली. मले काहीच नाही झालं. मंग आपल्या शाळेत वरून पाणी कायले ओततेत?” मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

सहलीनंतर पालकसभेत मुलींनी अनुभव सांगायचा, ही आमच्या शाळेची रीत. विमलने तिथेही हेच सांगितलं, शब्द न बदलता. दुसऱ्याच दिवशी वडील हजर.

“अहो, मॅट्रिक तरी होऊ द्या!”

“बाई, मले का समजत नाही? पन हिच्या मागं दोघी बहिनी हायेत. गावानं पानी तोडलं, वाळीत टाकलं तं कोन करीन सोयरीक?”

मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे हेडमास्तरीणबाईंकडे पाहिलं. “पालकांची इच्छा आहे, लिहा दाखला,” त्या म्हणाल्या.

विमलने मला विचारलं, “बाई, मी खोटं बोलली का?”

“नाही गं बाई.”

बाहेर व्हरांड्यात शाळेचा माठ होता. तिने पेला बुडवला, कौसल्येला हाक मारून आधी तिला पाजलं, मग उरलेलं स्वतः प्याली. शिपाई बघत राहिला. वडिलांनी मान फिरवली. मग दोघं बापलेक स्टँडकडे गेली.

विमल मॅट्रिकला बसलीच नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. माठाजवळ पुन्हा शिपाई उभा राहिला.

पुढच्या वर्षी सहल धरणावर नेली. भिंत किती उंच, पाणी किती खोल, सगळं मुलींनी पालकसभेत नीट सांगितलं. ते पाणी कोणाकोणाला मिळतं, हे एकीनेही विचारलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, सहल असावी तर अशी.