वस्तादांची सलामी

आमच्या गावच्या तालमीचे ज्ञानू वस्ताद गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कोल्हापुरात ऑफिसात होते. कोडोलीच्या एसटीत बसले. खिडकीबाहेर उसाचे तुरे मागे सरत होते आणि मला उगाचच तालमीच्या हौद्यातल्या, तेल-ताक मुरलेल्या लाल मातीचा वास येत होता…

माझा थोरला भाऊ संपतदादा. लोक म्हणत, त्याची बुद्धी सहा वर्षांची. पण अंग तिशीचं होतं, हे कुणी लक्षातच घेत नव्हतं. काही वर्षांपूर्वी डेअरीच्या रांगेत त्यानं शेजारच्या सुनेला मागून मिठी मारली. सोडेना. ती किंचाळली, लोकांनी त्याला बडवलं. तिच्या घरचे पोलिसांत जायला निघाले. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दादाला गोठ्यात कोंडायला कुलूप आणलं. मी घरातली पहिली पदवीधर, तीही मानसशास्त्राची. परीक्षेत पानंच्या पानं भरली होती. भावाला देहाबद्दल चार शब्द सांगायला मात्र तोंड उघडेना. “त्याला कळत नाही,” एवढंच मी सगळ्यांना सांगत सुटले.

वस्ताद आमच्या सोप्यात येऊन बसले. “कळत न्हाय, तर कळंस्तवर सांगा की! कोंडून काय वैरण घालणार हाय व्हय?”

“असलं लाजंचं कोण बोलणार, वस्ताद?” तात्या पुटपुटले.

“मी हाय की. उगड्या अंगांत जलम गेलाय माझा.”

आधी ते त्या सुनेकडं गेले. “पोरी, तुझं भ्याव खरं हाय. पोलिसाचं तू ठरीव.” ती म्हणाली, “आदी शिकवा त्याला. मग बघू.”

मग रोज पहाटे दादा तालमीत. “अंग ताठतंय, ते समद्यांचंच. त्यात पाप न्हाय. पर दार लावून, एकट्यानं.” कुस्तीआधी दोघं हाताला हात लावतात, त्या सलामीवरून त्यांनी त्याला बाकीचं शिकवलं. “हात फुडं कर. थांब. दिला, तर तेवढाच हात. न्हाय दिला, तर मागं सर.” दादा विसरायचा. वस्ताद पुन्हा पहिल्यापासून… वर्षभर. गोठ्याचं कुलूप तसंच खुंटीवर गंजलं.

मी पोचले तेव्हा वस्तादांना तालमीच्या दारात ठेवलं होतं. माणसं पायांवर डोकं टेकत होती. दादा समोर गेला, हात पुढे केला, थांबला.

“पाया पड की, संप्या!” कुणीतरी म्हणालं.

“वस्तादांनी हात न्हाय दिला,” दादा म्हणाला आणि मागे सरला.

महिना होत आला. संध्याकाळी मोकळ्या हौद्याच्या काठाशी तो अजून हात पुढे करून उभा राहतो… बराच वेळ. मग मागे सरतो.